एकवीस मोदकांची मांडणी

(पडद्यावर: पितळी ताट. एक हात त्यात मोदक मांडतो आहे.)

ग्वाल्हेर. लष्कर भागातलं एक जुनं मराठी घर. गणेश चतुर्थीची सकाळ आहे, स्वयंपाकघरात उकडीचा वास भरून राहिलाय, आणि माझी आत्या नैवेद्याचं ताट मांडते आहे. वर एक मोदक. त्याखाली दोन. मग तीन, मग चार. खालच्या दोघांच्या मधल्या फटीवर वरचा एक, अशी बैठक. सहावी ओळ सहा मोदकांची होते आणि ती हात पुसते.

तिने मोजलेलं नाही. सहा ओळी पुऱ्या झाल्या म्हणजे एकवीस झाले, हे तिला नुसत्या आकारावरून कळतं. मोदक एकवीस, दूर्वांची जुडीही एकवीसची. आणि एकवीस ही संख्या त्रिकोणात नेमकी बसते. वीस घ्या, एक कोपरा रिकामा राहतो. बावीस घ्या, एक मोदक बाहेर पडतो.

आत्याने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असताना याच ताटाकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं, "एक ते सहा, जोड किती गं?" आम्ही शिकलो हिंदीतून, त्यामुळे घरात मराठी बोलतानाही बेरजेला 'जोड'च म्हणायचो. मी बोटं मोजायला लागले. तिने माझा हात धरला. "मोजू नकोस. आधी मांड. अस्संच दुसरं ताट आहे समज. ते उलटं करून याच्या शेजारी लाव."

(पडद्यावर: दोन त्रिकोण सरकत एकमेकांना भिडतात.)

एकाच्या शेजारी सहा आले. दोनाच्या शेजारी पाच. तिनाच्या शेजारी चार. प्रत्येक ओळीत सात, आणि ओळी सहा. सहा साते बेचाळीस. ताटं दोन होती, म्हणून निम्मे. एकवीस.

एक ते शंभरपर्यंतची बेरीज लहानग्या गाउसने वर्गात चुटकीसरशी केली, ही गोष्ट गणिताच्या बहुतेक वर्गांत सांगतात. गाउसचा जन्म १७७७ चा. हीच रीत आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या गणितपादात दिली आहे: पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, आणि पदं जितकी असतील त्याच्या निम्म्याने गुणा. दोन ताटं जोडण्याचीच ही कृती आहे, फक्त शब्दांत बांधलेली. अशा रांगेला आपल्याकडे श्रेढी म्हणतात. मराठी पुस्तकात ती 'अंकगणिती श्रेढी' असते, हिंदीत 'समांतर श्रेढ़ी'. भाषा बदलली तरी श्रेढी तीच राहिली, याचं मला शाळेपासून अप्रूप आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, या श्रेढीवर एक सुरेख उदाहरण येतं. शत्रूचे हत्ती पळवायला निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो. मग रोज ठराविक वाढ करत सातव्या दिवशी शत्रूच्या नगराशी पोचतो. एकूण ऐंशी योजनं. तर रोजची वाढ किती?

सूत्राने सुटतंच. पण आत्या सूत्राला हात लावायची नाही. ती म्हणायची, "मधला दिवस बघ." सात दिवसांतला मधला दिवस चौथा. त्याच्या आधी जितकं कमी, तितकंच नंतर जास्त; म्हणजे चौथ्या दिवसाची चाल हीच सरासरी. ऐंशी सप्तमांश. पहिल्या दिवशी दोन, म्हणजे चौदा सप्तमांश. फरक सहासष्ट सप्तमांश, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत पायऱ्या तीन. प्रत्येक पायरी बावीस सप्तमांश. वर्तुळाच्या परिघापाशी आपल्याला नेहमी भेटणारा हा अपूर्णांक इथे वर्तुळाशिवायच, एका राजाच्या वाटेवर उभा आहे. नुसता योगायोग, पण पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

(पडद्यावर: ग्वाल्हेरच्या किल्ल्याची पूर्वेकडची चढण. डावी-उजवीकडे कातळ.)

आता किल्ल्यावर चला. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजातून वर चढताना, गणेश पौर हा पुढचा दरवाजा मागे टाकल्यावर, एकाच दगडात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. मानसिंहाच्या महालाच्या ओढीने लोक भराभर पुढे जातात. इथे थांबायला हवं. आतल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३ हे वर्ष आहे, म्हणजे इ. स. ८७६. फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची मापं आहेत: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि देवाला रोज पन्नास हार द्यायचे, असं ठरवून दिलंय.

(पडद्यावर: कॅमेरा अक्षरांच्या ओळीवर अगदी जवळ.)

हे बघा. दोन, सात, आणि त्यानंतर एक लहानसं वर्तुळ. बाकीच्या अंकांपेक्षा आकाराने थोडं कमी. पन्नासातही तेच. हे शून्य आहे. पाट्यावरवंट्याला टाकी लावावी इतक्या सहजपणे कोणा कारागिराने ते कोरलं. माळ्यांचा आणि हारांचा हिशेब होता, त्यात शून्य लागलं, त्याने घातलं.

आकड्यांच्या रांगांशी या शून्याचा काय संबंध? एक ते दहाची बेरीज करा: ५५. एक ते शंभर: ५०५०. एक ते हजार: ५००५००. एक ते दहा हजार: ५०००५०००. पुढची बेरीज तुम्ही न करताच सांगाल. अंकाला जागा आणि रिकाम्या जागेला खूण आहे, म्हणून ही ठेवण डोळ्यांना दिसते. रोमन अक्षरांत याच बेरजा लिहून बघा. उत्तरं तीच येतील, पण रांग काही बोलणार नाही.

(पडद्यावर: घराचा चौक. सारवलेली जमीन, रांगोळीचा डबा.)

संध्याकाळी चौकात रांगोळी. माझ्या मते हा सगळ्यात श्रीमंत भाग, म्हणून इथे जरा बसू या.

'सात ते चार' म्हटलं की रांगोळी काढणारीला पुढे काही सांगावं लागत नाही. मधली ओळ सात ठिपक्यांची. वर-खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मध्ये. षटकोन तयार होतो. ठिपके किती? चार, पाच, सहा मिळून पंधरा, तसेच खाली पंधरा, मध्ये सात. सदतीस.

त्याहून लहान 'पाच ते तीन'. एकोणीस ठिपके. त्याहून लहान 'तीन ते दोन', सात. आणि सगळ्यात लहान एकच ठिपका. आता ही रांग पाटीवर लिहा: १, ७, १९, ३७. आणि मिळवत जा. एक. एक आणि सात आठ. आठ आणि एकोणीस सत्तावीस. सत्तावीस आणि सदतीस चौसष्ट.

१, ८, २७, ६४. हे घन आहेत. सपाट जमिनीवरचे षटकोन एकत्र केले आणि उभा ठोकळा हाती आला.

का, हे कळायला मला काही वर्षं लागली. लाकडी ठोकळ्यांचा चार बाय चार बाय चारचा घन रचा आणि एका कोपऱ्यातून त्याच्याकडे बघा. दिसतात त्या तीन बाजू. दिसणारे ठोकळे उचलले तर मागे तीन बाय तीन बाय तीनचा घन उरतो, सत्तावीसचा. म्हणजे उचललेले सदतीस. आणि कोपऱ्यातून दिसणाऱ्या घनाची बाह्यरेषा षटकोनीच असते. रांगोळी म्हणजे घनाची सालं, एकावर एक चढवलेली.

घन हाताशी आहेतच, तर त्यांचीही बेरीज करून बघा: १, ९, ३६, १००. सगळे पूर्ण वर्ग. वर्गमुळं १, ३, ६, १०, म्हणजे मोदकांचे त्रिकोण. हेही आर्यभटाच्या त्याच गणितपादात आहे.

(पडद्यावर: काळी पाटी. खडूने काढलेलं वर्तुळ.)

पण ठेवण दिसली की ती पुढेही चालणार, हे मी फार लवकर गृहीत धरायला शिकले होते. आत्याने ते मोडलं.

वर्तुळावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना सरळ रेषेने जोडायचा, आणि वर्तुळाचे किती तुकडे पडले ते बघायचं. एकाच अटीवर: वर्तुळाच्या आत तीन रेषा एका जागी भेटता कामा नयेत. एका ठिपक्याला रेषाच नाही, तुकडा एक. दोन ठिपक्यांना दोन. तिनाला चार. चाराला आठ. पाचाला सोळा. "सहाला?" तिने विचारलं. मी नववीत होते. न काढताच म्हटलं, बत्तीस.

"काढ."

काढलं. एकतीस आले. एखादा तुकडा सुटला असणार, म्हणून पुन्हा मोजले. पाटी पुसून नव्याने काढलं, ठिपके लांब-लांब दिले. एकतीस. तिसऱ्यांदा प्रत्येक तुकड्यात खडूने खूण केली आणि शेवटची खूण एकतिसावी निघाली. मला रडू फुटायचं बाकी होतं. दर वेळी दुप्पट होणारी इतकी साधी, इतकी सरळ रांग, आणि तिने सहाव्या पायरीवर साथ सोडली.

आत्या शेजारी बसली. म्हणाली, "रांग नाही चुकली. तू तिला भलतंच नाव दिलंस." नवी रेषा आली की एक तुकडा वाढतो, आणि ती जितक्या रेषांना छेदते तितके आणखी. म्हणून आधीचा एक तुकडा, अधिक रेषा, अधिक छेद. सहा ठिपक्यांत रेषा पंधरा: पाच, चार, तीन, दोन, एक, पुन्हा मोदकांचाच त्रिकोण. कोणतेही चार ठिपके निवडा, त्यांच्यात एक छेद येतो. सहातून चार निवडायच्या रीतीही पंधरा. एक, पंधरा, पंधरा. एकतीस. सात ठिपक्यांना सत्तावन्न. दुप्पट होणं हा पहिल्या पाच पायऱ्यांपुरता भास होता.

तेव्हापासून पाच पदं जुळली की मी सहावं काढून बघते. आणि का जुळतं ते कळेपर्यंत जीवाला चैन पडत नाही.

(पडद्यावर: पुन्हा चौक. दिवेलागण.)

आत्याचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. ती खुर्चीवर आहे, ठिपके माझी आठ वर्षांची भाची देते आहे. सात ते चार पूर्ण झालंय.

"आता नऊ ते पाच केलं तर किती होतील गं?" आत्या विचारते.

मला उत्तर माहीत आहे. पाचाचा घन एकशेपंचवीस, त्यातून चौसष्ट वजा. मी गप्प राहते.

भाची ठिपक्यांकडे बघते. बोटं मोजत नाही. मधल्या ठिपक्यावर बोट ठेवते, मग त्याच्या भोवती हवेतच एक कडं काढते, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं.

"एकसष्ट, आजी."

"कसे?"

"मधला एक. पहिलं कडं सहाचं, दुसरं बाराचं, मग अठराचं. आता बाहेर चोवीस येणार."

आत्या माझ्याकडे बघते. घन नाही, ठोकळे नाहीत. कडी. मला कधी सुचलं नव्हतं.

"दे मग चोवीस," आत्या म्हणते, आणि रांगोळीचा डबा तिच्याकडे सरकवते.