चिठ्ठी निघाल्यानंतर

पडद्यावरच्या यादीत ५० शाळा आहेत. शिकवणीच्या एका कार्यक्रमाने मुलं खरंच जास्त शिकतात का, हे तपासायचं आहे; म्हणून संगणकाने चिठ्ठ्या काढल्या. २५ शाळांत कार्यक्रम यंदा, उरलेल्या २५ शाळांत पुढच्या वर्षी; तोवर त्या तुलनागट. याला पाच मिनिटंही लागली नाहीत. समोर बसलेल्या तालुका समन्वयकांना पुढचे काही दिवस शिकायचं आहे ते ही विभागणी सांभाळायला.

आधी नमुन्याचं गणित. दर शाळेत २० मुलं, म्हणजे एकूण १,०००. भरपूर वाटतात. पण एका शाळेतली मुलं त्याच गुरुजींकडे शिकतात, त्याच वस्तीत राहतात. त्यांचे गुणही मिळतेजुळते असतात. हे साम्य ०.२ धरा (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळे सारखे). १९ (शाळेतली २० मुलं वजा १) गुणिले ०.२, अधिक १ : उत्तर ४.८. हजाराला ४.८ने भागलं की उरतात सुमारे २०८. हजार मुलं तपासून माहिती मिळते ती एवढ्याच सुट्या मुलांइतकी! खर्च करायचाच, तर शाळा वाढवण्यावर करा.

मग येतो मुख्याध्यापकांचा फोन : "आमची मुलं जास्त गरजू आहेत, आम्हाला आधी घ्या." मागणी रास्त असते, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. अशा शाळेला थेट कार्यक्रम द्यायचा, तर तिचं नाव चिठ्ठ्यांआधीच यादीतून काढावं लागतं. नंतर एकही अदलाबदल नाही.

'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचं मूल्यमापन २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात झालं. मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतलीच तरुणी रोज दोन तास शिकवायची. बडोद्यात निम्म्या शाळांना बालसखी मिळाली तिसरीसाठी, निम्म्यांना चौथीसाठी. दुसऱ्या वर्षी उलट. रिकाम्या हाती कोणतीच शाळा राहिली नाही, आणि एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी, अशी तुलनाही शाबूत राहिली. मुंबईत मात्र काही शाळांत बालसखी पोचलीच नाही. त्या शाळा तुलनागटात ढकलायच्या नाहीत. चिठ्ठीने ज्या गटात टाकलं, हिशेब त्याच गटात. नाहीतर अडचणीतल्या शाळा एका बाजूला साचतात आणि कार्यक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

चाचणीच्या दिवशी गैरहजर मुलांचंही तसंच. तुलनागटातली कच्ची मुलं सुटली, तर त्या गटाची सरासरी फुगते. मग पुन्हा शाळेत जा, तिथे नसेल तर घरी जा.

आणि सर्वेक्षकांनी घरोघरी भरलेल्या दर १० फॉर्मांपैकी एकासाठी दुसरा माणूस पाठवा. त्याने न बदलणारे प्रश्नच विचारावेत : घरात माणसं किती, जमीन किती. उत्तरं जुळली नाहीत, तर त्या सर्वेक्षकाचे आधीचे फॉर्मही त्याच आठवड्यात तपासा. महिनाभराने त्या घरी गेलात, तर चूक कुणाची, हे कळायला मार्ग उरत नाही.