दार लोटून घ्या, मग बोला

श्रोतेहो, नमस्कार.

मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या उपकेंद्रात ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलणे चालू असते, तेव्हा पडद्यावर एकच डॉक्टर दिसतात. रुग्णाच्या पाठीमागे मात्र नंबराची वाट पाहणारी चार-पाच माणसे उभी असतात आणि डॉक्टरांचा प्रश्न मोठ्या आवाजात सर्वांनाच ऐकू जातो. आपल्या आजाराची माहिती चोरणारा दूर कुठेतरी बसलेला असतो, असे आपण समजतो. आपल्या गावात ती बहुधा याच खोलीतून बाहेर पडते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच पाहा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, तरीही अहवालातला तो एक शब्द गावात फुटला की मुलीची सोयरीक मोडते. लग्नापूर्वी दोघांनीही तपासणी करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन; पण तो अहवाल कोणाला दाखवायचा, हे जिचे रक्त तपासले तिनेच ठरवायचे आहे.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते, परंतु आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा रुग्णाची काळजी घेणाऱ्याने संपर्क साधला तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते, असे त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे फोन बहुतेक वेळा आरोग्य कर्मचारी ताईच लावून देतात. म्हणून ‘लावू का?’ हा प्रश्न आजीबाईंनाच विचारला पाहिजे, त्यांच्या मुलाला नव्हे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच संमतीविना माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. कायद्यात सांगितलेले अपवाद मोजकेच आहेत.

माहिती बाहेर पडण्याची आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. औषधाची चिठ्ठी छापून घेण्यासाठी आपण ती झेरॉक्सच्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. कागद घेऊन आपण घरी येतो. चिठ्ठी मात्र त्याच्या मोबाइलमध्ये आणि संगणकात तशीच राहते. ती आपल्यासमोर दोन्हीकडून काढून टाकायला सांगा, त्यात संकोच नको. शेजाऱ्याच्या फोनवरून सल्ला घेतला असेल, तर त्यातली चिठ्ठी व तपासणीचे फोटोही पुसून टाका. आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा आभा क्रमांक काढताना येणारा ओटीपी, मागणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय, कोणालाही सांगू नका.

समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना माझी कळकळीची विनंती आहे की, खोली एकच असली तरी मध्ये एक पडदा बांधावा, बाकीच्यांना ओसरीवर बसवावे आणि संगणकाला साधा इअरफोन जोडून तो रुग्णाच्या हाती द्यावा.