लळा लागतो तो कसा?

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका इथं सगळ्यांना पाठ असेल. दूध घालायला गडावर आलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, बंद झालेले दरवाजे, घरी पाळण्यात तान्हं बाळ, आणि मग तो कडा. आईच्या काळजाचं उदाहरण म्हणून आपण ही कथा सांगतो आणि कडा उतरण्यात इतके रमतो की एक साधी गोष्ट निसटते. हिरकणी कामावर गेली होती. बाळ घरी ठेवून गड चढणारी ती कमावती बाई होती. मग ती गडावर असताना बाळाला कोण बघत होतं? मातृत्वाबद्दलचं गेल्या साठेक वर्षांतलं संशोधन बघितलं, तर कड्यापेक्षा हाच प्रश्न मोठा ठरतो.

‘सहजप्रवृत्ती’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. भिंतीवरच्या कोळ्याला जाळं कोणी शिकवत नाही, पहिलंच जाळं तो नीट विणतो. ही खरी सहजप्रवृत्ती. बाई बाळंत झाली की तिच्यात असंच काहीतरी आपोआप सुरू होतं, असं आपण धरून चालतो. शरीर तयारी करतं, यात शंका नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूची चित्रं गर्भारपणाआधी आणि नंतर काढली होती. मेंदूच्या ठराविक भागांतला करडा द्रव्यभाग (ग्रे मॅटर) कमी झालेला दिसला आणि तो फरक दोन वर्षांनीही टिकून होता. घाबरू नका, ही झीज नाही, पुनर्रचना असावी असं अभ्यासकांचं मत आहे. पण तयारी झाली म्हणजे काम झालं असं नव्हे. चूल पेटवून ठेवली म्हणजे भात शिजला असं होत नाही.

आता उंदरांकडे येऊ. 1967 साली अमेरिकेत जे रोझेनब्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. कधीच न व्यालेल्या उंदरीच्या पिंजऱ्यात त्याने दुसरीची तान्ही पिल्लं ठेवली. तिला दूध नसल्याने पिल्लं रोज बदलून पोट भरलेली नवी ठेवायची. पहिले काही दिवस ती उंदरी पिल्लांपासून लांब राहते, तिला तो वासच सोसत नाही. मग हळूहळू शेजारी झोपू लागते. आणि साधारण सहा-सात दिवसांनी ती पिल्लं तोंडात धरून घरट्यात आणते, चाटते, त्यांच्यावर पाठ वाकवून ऊब देत बसते. अंडाशय काढलेल्या माद्यांनी हे केलं. आणि नरांनीही केलं. व्यालेल्या मादीची ती सहा दिवसांची वाट संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) वाचते, एवढाच फरक. उलट बाजूही बघा. व्यायल्याबरोबर पिल्लं काढून घेतली तर ती तयारी काही दिवसांत ओसरते. आधी थोडा वेळ जरी पिल्लं अंगाशी राहिली असली, तर ती पुष्कळ टिकते.

म्हणजे दोन वाटा आहेत, एक रक्तातून आणि एक सहवासातून. आपल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावं लागत नाही. धार काढण्याआधी तो वासरू सोडतो. वासराने चार ढुशा दिल्या की गाय पान्हवते. अनोळखी माणूस बसला, कुत्रं भुंकलं, की ती पान्हा चोरते. दूध कासेत असतंच, सुटत नाही. ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक दूध पुढे ढकलतं आणि भीती-वेदना त्याला अडवतात. बाईच्या बाबतीतही यंत्रणा हीच आहे. फक्त गाईने पान्हा चोरला तर आपण कुत्र्याला हाकलतो आणि बाईला दूध आलं नाही तर बाईला बोलतो.

माणसांत पहिल्या भेटीत काय घडतं? 1980 साली लंडनमधल्या बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, रॉबसन आणि कुमार या दोघांचा. बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं, असं विचारल्यावर पहिलटकरणींपैकी सुमारे 40 टक्के जणींनी सांगितलं की विशेष काहीच वाटलं नाही. फार दुखलेलं बाळंतपण, पेथिडीन या वेदनाशामकाची भरपूर सुई, अशा बायकांत हे जास्त दिसलं. बहुतेकींना आठवड्याभरात माया लागली. हा आकडा प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावायला हवा, कारण चौथ्या दिवशी ‘मला काहीच कसं वाटत नाही’ म्हणून मनातल्या मनात खचणारी बाई हे कोणाला बोलून दाखवत नाही.

मायेचं हे कोडं शास्त्रज्ञांच्याही आधी समाजसुधारकांसमोर आलं होतं. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. त्याच्या बरंच आधी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. त्यांनी त्या विधवांना मातृप्रेमावर प्रवचन दिलं नाही. गुपचूप येऊन बाळंत होण्याची आणि मूल ठेवून जाण्याची सोय दिली. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवेला उभा राहिला. सावित्रीबाईंच्या आईपणात गर्भारपणाचा वाटा शून्य होता.

युरोपातही चित्र वेगळं नव्हतं. 1780 च्या सुमारास पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हिशेब मांडला होता. वर्षाला 21,000 मुलं जन्मतात, त्यांतली आईच्या अंगावर पिणारी हजारसुद्धा नाहीत. बहुतेक मुलं खेड्यापाड्यांतल्या दुधायांकडे पाठवली जात आणि त्यांतली कितीतरी परत येत नसत. त्या बायकांचं काळीज काय वेगळ्या मातीचं होतं? कारागिराच्या बायकोला दुकान सोडून बाळाला पाजणं परवडत नव्हतं आणि श्रीमंतांत ती रीत नव्हती. त्याच शतकात सजीवांचं वर्गीकरण करणारा स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस दुधायांविरुद्ध पुस्तिका लिहीत होता, 1752 साली. सहा वर्षांनी त्याने आपल्या सबंध प्राणिवर्गाला ‘सस्तन’ या अर्थाचं नाव दिलं. केस आहेत, कानात तीन हाडं आहेत, पण नाव दिलं ते स्तनांवरून. तेव्हा निसर्ग म्हणून आपल्याला जे शिकवलं जातं, त्यात शिकवणाऱ्याचा काळ मिसळलेला असतो.

आपल्या काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी 1970 च्या दशकात राजस्थानात अबूच्या डोंगरावर केला. तिथे वानरीचं नवजात पिल्लू पहिल्या दिवसांतच टोळीतल्या इतर माद्यांच्या कडेवर फिरतं. सर्वांत हौशी असतात त्या अजून न व्यालेल्या तरुण माद्या, आणि धरतातही त्या सर्वांत वेंधळेपणाने. त्यांची ही उमेदवारीच म्हणायची. आई तेवढ्यात चरून घेते. पुढे हर्डींनी माणसाबद्दल मांडलेला मुद्दा असा की आपली जात एकट्या आईच्या बळावर वाढलेलीच नाही. आजूबाजूला हात किती आहेत हे आईचं शरीर आणि मन सतत जोखत असतं.

हे सगळं घरी कसं वापरायचं ते सांगतो, कारण इथे गाडी रोज रुळावरून घसरते.

पहिला तास. बाळ रडलं, कोरडं केलं, की ते आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दोघांवर एक कापड. वजन आणि फोटो तासाभराने. बाळ स्वतः सरकत स्तनाकडे जातं. या दिवसांत येणारा चीक पिवळसर, दाट आणि थोडाच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर, पाच ते सात मिलिलिटरच मावतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातलं संप्रेरक उतरतं आणि मग दोन ते चार दिवसांत दूध भरतं. सिझेरियननंतर आणखी थोडा उशीर होऊ शकतो. नेमक्या याच फटीत कोणीतरी म्हणतं, ‘हिला दूध नाही’, आणि दूध पावडरीचा डबा येतो. बाटलीने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, आणि भाकीत खरं ठरतं.

अंगावर धरण्यातली चूक याहून जास्त महागात पडते. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. ओठांना स्तनाग्र लावून थांबायचं. जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ केला की बाळाला जवळ ओढायचं. स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही. नीट धरलं असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतो. गिळताना ऐकू येतं. गालाला खळ्या पडत असतील, चुट्चुट आवाज येत असेल, तर बाळ नुसतं टोक चोखतंय. मग चिरा पडतात, बाई कळवळते, वेळा टाळते, दूध तुंबतं आणि तुंबलेला स्तन दूध बनवणं कमी करतो. अशा वेळी करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं, दहादा लावावं लागलं तरी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे. पुरतंय का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येणं, या दोन खुणा बघा.

कमी वजनाच्या बाळाला तर सहवास हे औषधच ठरतं. 1978 साली बोगोटातल्या डॉक्टर एडगर रे यांनी, काचपेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या म्हणून, बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. 2021 साली भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते 1.8 किलो वजनाच्या ज्या बाळांना जन्मापासूनच असं छातीशी ठेवलं, त्यांच्यात पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के. आधी स्थिर होऊ द्या म्हणून वेगळं ठेवलेल्यांत 15.7 टक्के. टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून बाळ उभं, बेडकासारखे पाय दुमडलेलं, मान एका बाजूला वळवून किंचित वर. हनुवटी छातीत रुतली तर श्वास अडतो, म्हणून मान सारखी बघायची. दिवसाला निदान आठ तास. आई दमली की बाबा, मावशी, आजी, कोणाचीही छाती चालते.

बाबांचं शरीर कोरडंच राहतं असं समजू नका. फिलिपिन्समधल्या सेबूत 624 तरुणांचा काही वर्षं मागोवा घेतला. बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं आणि दिवसाला तीन तास किंवा जास्त वेळ मुलाला सांभाळणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. अभ्यास 2011 चा आहे.

एक मात्र सहवासाने सुटत नाही. तिसऱ्या-पाचव्या दिवसाचं रडू येणं बहुतेकींना येतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही बाई उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. 1987 साली एडिंबरात तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी नर्सही पाच मिनिटांत घेऊ शकते. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘आई आहेस, असं कसं मनात आणतेस’ हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारू नये.

आता कामावरची आई. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. बापाला केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस. एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोलीला हिरकणी कक्ष हे नाव अगदी शोभतं, फक्त आत पाठ टेकायला खुर्ची, दाराला कडी आणि हात धुवायला पाणी हवं. दूध पिळून ठेवायचं तर स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, घरात फार उकाडा नसेल तर चार तास चालतं, नाहीतर फ्रिजमध्ये. गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. पाजताना बाळ जवळजवळ बसतं धरून वाटी खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला चाटू-सुरकू द्यायचं, ओतायचं नाही. हे आजोबांनाही जमतं. लळा लागायला त्या उंदराच्या नरालाही आठवडाच लागला होता.