कलम दोनमध्ये काय लिहिलंय?

[आझाद मैदान, मुंबई. लाल, निळे झेंडे. घोषणा आधी मोकळ्या ऐकू द्याव्यात, मग निवेदन.]

शेतमजूर, गिरणी कामगारांच्या जुन्या युनियनची माणसं, आदिवासी संघटना, विद्यार्थी, वकील. एरवी यांचे मोर्चे वेगवेगळे निघतात. आज सगळे एका विधेयकाविरोधात आलेत: महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवून तिच्यावर बंदी घालायचा अधिकार ते सरकारला देतं.

[क्लोज-अप: विधेयकाची झेरॉक्स]

ही झेरॉक्स सकाळपासून हातोहात फिरतेय. कडा मऊ पडल्यात. कलम दोनखाली कुणीतरी पेन्सिलनं दोनदा रेघ मारलीय. तिथं ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय ते सांगितलंय. सार्वजनिक शांततेला धोका ठरणारं कृत्य, सुव्यवस्थेत अडथळा आणणारं, किंवा अडथळा आणू शकेल असंही. प्रस्थापित कायदा आणि संस्था यांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं, तेही त्यातच. मग ते बोलून असो, लिहून असो, की नुसत्या खुणेनं.

हिंसेसाठी भारतीय न्याय संहिता आहे, दहशतवादविरोधी यूएपीए आहे, संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका आहे. इथं हिंसा घडायची वाटच पाहावी लागत नाही. रायगडमधल्या चिरनेरच्या १९३०च्या, इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाचा आपण अभिमान बाळगतो. तीही कायद्याची अवज्ञाच होती.

[विधानभवन, मुंबई. मग नागपूर.]

विधेयक पहिल्यांदा आलं जुलै २०२४च्या पावसाळी अधिवेशनात. तेव्हा ते मंजूर झालं नाही. निवडणूक झाली, नवं सरकार आलं, आणि डिसेंबरमध्ये नागपुरात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते पुन्हा मांडलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. विरोधी पक्षांचे आमदारही तिच्यात होते.

[टेबलावर सह्यांचे गठ्ठे]

समितीनं लोकांकडून हरकती मागवल्या. बारा हजारांहून अधिक आल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत बैठका झाल्या, तहसील कचेऱ्यांसमोर धरणी धरली गेली. ज्यांनी आयुष्यात कधी विधेयक वाचलं नव्हतं, त्यांनी कलमवार लिहून पाठवलं. या राज्यात एखाद्या कायद्याचा मसुदा इतका बारकाईनं क्वचितच वाचला गेला असेल.

समितीनं बदल केले. शीर्षकातून ‘व्यक्ती’ गेल्या, ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ आल्या. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाकडे गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. मंडळात आता सरकारी वकीलही बसणार. संघटनेवर बंदी घालणार सरकार, ती योग्य की अयोग्य हे तपासणाऱ्यांत सरकारचाच वकील. यूएपीएखालच्या बंदीची तपासणी निदान उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे होते.

आणि पेन्सिलनं रेघ मारलेली ती व्याख्या? ती तशीच राहिली.

[विधानसभा, संग्रहित दृश्य]

सरकारचं म्हणणं, शहरी नक्षलवाद रोखायला हा कायदा हवा, असे कायदे इतर चार राज्यांत आहेत, आणि आंदोलकांविरुद्ध तो वापरला जाणार नाही. मुख्यमंत्र्यांचं हे आश्वासन सभागृहाच्या नोंदीत आहे. कोर्टात मात्र कलम वाचलं जाईल. त्या चार राज्यांपैकी छत्तीसगडमध्ये २००७ साली याच धर्तीच्या कायद्याखाली डॉ. बिनायक सेन यांना अटक झाली. गरिबांवर उपचार करणारे डॉक्टर. सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला २००९ उजाडलं.

१० जुलै २०२५. विधानसभेत आवाजी मतदान. उघड विरोध करणारे एकच आमदार, डहाणूचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक मंजूर झालं.

शिक्षा दोन ते सात वर्षं. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. संघटनेची जागा, पैसा जप्त.

[पुन्हा मैदान. घोषणांचा आवाज वाढवावा.]

मंजुरीनंतरही, विरोधासाठी एकत्र आलेल्या या संघटनांच्या संघर्ष समितीची मागणी बदललेली नाही: कायदा मागे घ्या.