हुंडीच्या वाटेने : पुण्याच्या जुन्या सावकारी पेठांतून एक पायी फेरी

(दृश्य : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, रविवारची सकाळ)

दिल्ली दरवाजासमोर जमलेली ही मंडळी आज वाड्याच्या आत जाणार नाहीत. वाड्याकडे पाठ करून ती दक्षिणेकडे वळतील आणि पुढचे दोन-अडीच तास बुधवार आणि रविवार पेठांच्या गल्ल्यांतून चालतील. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे, बुरूज आणि कारंजी यांची माहिती देणाऱ्या फेऱ्या पुण्यात पुष्कळ आहेत; या फेरीचा प्रश्न एवढाच आहे, की या सगळ्याचा खर्च कोणी भागवला.

वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. तो बांधणारा पहिला बाजीराव रणांगणावर अजिंक्य राहिला, परंतु सावकारांपुढे त्याची मान नेहमीच खाली असे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत तो कर्जापायी झालेली आपली दैना मोकळेपणाने सांगतो, आणि हे स्वामी त्याचे गुरू होते तसेच त्याचे धनकोही होते. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांच्या आप्तांपैकी; त्यांचाही तगादा सुटला नाही. बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासच्या महादजी कृष्ण जोशी या सधन सावकाराची कन्या होती. राज्य आणि पेढी यांचे नाते किती जवळचे होते, हे सांगायला एवढी नावे पुरेशी आहेत.

कर्ज का काढावे लागे, हे मार्गदर्शक चालता चालता समजावून सांगतात. फौजेचे सीमोल्लंघन दसऱ्याला होई, तेव्हा शिलेदारांना, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वारांना, रोख नालबंदी (स्वारीपूर्वीची उचल) आगाऊ द्यावी लागे. शेतसारा मात्र पिके हाती आल्यावर, तोही हप्त्याहप्त्याने, जमा होई. मधले महिने सावकाराच्या पैशावर निघत. महालाचा (वसुली विभागाचा) कमाविसदार, म्हणजे सरकारी वसुली अधिकारी, नेमणूक घेतानाच काही रक्कम सरकारात आगाऊ भरी, तिला रसद म्हणत, आणि ती रसद तो स्वतःही बहुधा सावकाराकडूनच उचलत असे. व्याज ठरे ते दरमहा दरशेकड्याच्या हिशेबाने. म्हणजे शेतात पीक उभे असतानाच त्याच्या वसुलावर पुण्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात व्याज चढू लागलेले असे.

(दृश्य : फरासखाना, बुधवार चौक, पुढे मोती चौकाकडे जाणारी गल्ली)

फरासखान्याच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा उभा होता. १८७९ च्या मे महिन्यात तो आगीत भस्मसात झाला. आज दाखवण्यासारखे तेथे काहीच उरलेले नसल्यामुळे फेरी येथे थांबत नाही, आणि आमचा कॅमेराही थांबला नाही.

मोती चौकात मात्र पुष्कळ वेळ जातो. रविवार पेठेचा हा भाग सराफीचा, आणि येथील एका लहानशा दुकानात चाललेले काम आपण आता जवळून पाहत आहोत. हातातला काळा दगड म्हणजे कसोटी. दागिन्याची कड दगडावर घासली, की एक पिवळी रेघ उठते; तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली जाते, दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब पडतो, आणि जी रेघ विरत जाते तिच्या सोन्यात भेसळ अधिक असते. या कारागिरांच्या शब्दांत याला टंच काढणे म्हणतात. आता यंत्राने टंच काही क्षणांत निघतो आणि त्याची छापील चिठ्ठी मिळते, तरीही दगड दुकानातून हललेला नाही.

पेशवाईत सराफाची नजर चांदीवर अधिक लागलेली असे, कारण व्यवहार रुपयांत होत आणि रुपया एक नव्हता. पुण्याचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी, शिवाय इतर टांकसाळींचे अनेक रुपये बाजारात एकाच वेळी फिरत. त्यांतील बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचेच असे. रुपया कोणत्या टांकसाळीचा आहे हे अंकुशासारख्या लहानशा खुणेवरून ओळखावे लागे. वजन, झीज आणि कस पाहून एका रुपयाच्या बदली दुसरा देताना जी सूट कापली जाई, तो बट्टा. सरकारी पोत्यातही (खजिन्यातही) अमुक नाण्यांचे अमुक रुपये अशीच नोंद होई, नुसता आकडा लिहून भागत नसे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्व मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, तेव्हा सराफांच्या या कौशल्याची बाजारातली किंमत उतरली.

(दृश्य : वाड्याचा जिना, माडीवरील दिवाणखाना, जमिनीवर पसरलेले मोडी कागद)

रविवार पेठेतल्या या वाड्यात आम्हांला चित्रीकरणाची परवानगी मिळाली, याबद्दल आम्ही घरमालकांचे ऋणी आहोत. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. सुरूचे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, भिंतीतली फडताळे आणि खाली वाकल्याशिवाय ज्यात डोके जात नाही असे बळद, म्हणजे साठवणीची कोठी, आपण पाहत आहात. गादी, लोड-तक्के आणि मुनीम गेले. कीर्द आणि खतावणीच्या लांबट वह्या मात्र लाल कापडात बांधलेल्या तशाच आहेत, आणि त्यांतल्याच एका रुमालातून हा कागद निघाला.

ही हुंडी आहे. पुण्याच्या पेढीने परगावच्या आडत्याला (तिथल्या प्रतिनिधी व्यापाऱ्याला) लिहिलेले हे पत्र असते, आणि त्यात तीन माणसांचा उल्लेख येतो : पैसे येथे कोणी भरले, तिकडे ते कोणी द्यायचे आणि कोणाला द्यायचे. सर्वांत वर श्री, मग आडत्याचे नाव, मग क्षेमकुशल आणि मग रक्कम, ती एकदाच न लिहिता फिरवून फिरवून लिहिलेली. रक्कम ५०० रुपयांची असेल, तर तिचे निमे २५० आणि त्याचे दुप्पट पुरे ५००, अशी. एखाद्याने शून्य वाढवले, तर निमे जुळत नाही आणि लबाडी तिथल्या तिथे पकडली जाते. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखवताच द्यावे लागत. मुदती हुंडीचे, लिहिलेली मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत, त्यामुळे वाटेत कोणी चोरली तरी चोराच्या ती उपयोगाची नसे. कागद गहाळ झाला तर पेंठ लिहून देत, तीही गहाळ झाली तर परपेंठ. या सगळ्या सेवेबद्दल पेढी जी रक्कम घेई, ती हुंडणावळ.

हुंडी पुढे आली, की आडत्या ती सकारत असे किंवा नाकारत असे, आणि नाकारली गेली तर पेढीची अब्रू त्या गावात संपे. कोतवाल किंवा न्यायाधीश मध्ये येण्याच्या आधीच बाजार निकाल लावून मोकळा होई. चांदीच्या थैल्या बैलांवर लादून शेकडो कोस नेण्यापेक्षा एक कासीद, म्हणजे निरोप्या, घडी केलेला कागद कनवटीला लावून जाई, हे या व्यवस्थेचे खरे यश होते, आणि आमच्या मते मराठ्यांच्या उत्तरेतील स्वाऱ्यांचा कोणताही नकाशा या कासिदांच्या वाटांवाचून अपुराच आहे.

याच वाटांनी जानेवारी १७६१ मध्ये सर्वांत वाईट बातमी आली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता भेलशाजवळ (आजच्या विदिशेजवळ) त्यांच्या हाती एका सावकारी जासुदाचे पत्र लागले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडल्याचे पेशव्यांना कळले ते या हिशेबी भाषेतून. फेरीतले लोक ही गोष्ट शाळेपासून ऐकत आलेले असतात. तरी जिच्यातून असे कागद सुटत त्या पेढीच्या जागेवर बसून ती ऐकताना त्यांचे चेहरे कसे होतात, ते आपण पाहतच आहात.

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, सिटी पोस्टाची इमारत, अमृततुल्य चहाचे दुकान)

सिटी पोस्टापाशी थोडी गंमत आहे. फेरीच्या आरंभी प्रत्येकाला एक लुटुपुटीची दर्शनी हुंडी दिली जाते, आणि येथील अमृततुल्यवाले ती सकारून एक चहा देतात. पिवळ्या छत्रीवाल्या या काकूंनी आपली हुंडी वाटेत हरवली आहे. त्यांना पेंठ लिहून मिळेपर्यंत चहा मिळणार नाही, आणि मार्गदर्शक या बाबतीत कोणाचीही गय करत नाहीत.

१८१८ नंतर पेशव्यांचा फौजफाटा गेला, त्याबरोबर सरकारी कर्जे आणि मोठ्या हुंड्याही गेल्या. सावकारी खेड्यांत अधिक खोल शिरली, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन त्यांची खतपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यानंतर सहकाराचे युग आले. कॉसमॉस बँक पुण्यात १९०६ मध्ये सुरू झाली, आणि १९३५ मध्ये नोंदणी झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने पुढल्या वर्षी पुण्यातच कामकाज आरंभले.

लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत. वाटण्या, जुने भाडेकरू आणि दुरुस्तीचा खर्च यांपुढे मालकांचा निरुपाय होतो. वाड्याचे खांब निदान विकले तरी जातात. वह्यांचे रुमाल रद्दीत जातात, कारण घरात मोडी वाचणारे कोणी नसते. पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात असे कागद जतन केले जातात, आणि ज्यांच्या माळ्यावर ते अजून आहेत त्यांनी ते एकदा जाणत्याला दाखवावेत, एवढ्या विनंतीसाठी ही फेरी चालवली जाते, असे म्हटले तरी चालेल.

(दृश्य : विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग, कुमठेकर रस्ता)

विश्रामबागवाड्याच्या लाकडी सज्जाचे छायाचित्र घेण्यासाठी सारे थांबतात. खजिना विहिरीबद्दल येथे कोणीतरी हमखास विचारते. तिच्या दंतकथा रंजक आहेत, परंतु फेरी तिकडे जात नाही. ती थांबते कुमठेकर रस्त्यावर, जेथे पुणे शेअर बाजाराचे कार्यालय होते. हा बाजार १९८२ मध्ये स्थापन झाला. देशभरचे व्यवहार संगणकावरून होऊ लागल्यावर अशा प्रादेशिक बाजारांकडे येणारी उलाढाल आटली, आणि २०१५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, त्याला शेअर बाजार म्हणून निवृत्त होण्याची मुभा दिली. येथे दलालीचा अनुभव असलेले एखादे ज्येष्ठ गृहस्थ फेरीत असले, तर मार्गदर्शक आपले बोलणे आवरते घेतात आणि पुढची दहा मिनिटे त्यांना देतात.