रामायणाची बॅटरी

नमस्कार मंडळी. विषय मिळालाय 'जुन्या गाड्या आणि जुना टीव्ही'. मी कोल्हापूरचा, त्यामुळं गाडी म्हटलं की आधी दसरा चौक आठवतो. सीमोल्लंघनाला छत्रपतींची भगवी मेबॅक चौकात वळायची आणि आम्ही पोरं मोठ्यांच्या खांद्यांवर चढून माना ताणायचो. पण ती दिसणार वर्षातून एकदा. बाकीचं वर्षभर आमची फियाट.

११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, आबांनी सेकंडहँड घेतलेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग. तिच्यावर आबा, आई, मी, धाकटी आणि आईच्या मांडीवर तांबड्या रश्श्याचा डबा. वळणावर सगळ्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा डब्याकडं.

टीव्ही मात्र नवा होता. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. त्याला पाठीमागं बारा व्होल्टची वायर लावायची सोय होती, हे महत्त्वाचं. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि रविवारी साडेनऊला मंगळवार पेठेतली निम्मी गल्ली आमच्या सोप्यात बसायला लागली. आई आधी टीव्हीला उदबत्ती ओवाळायची, मग बटण दाबायची.

एका रविवारी सव्वानऊला लाइट गेली. मागच्या आठवड्यात लक्ष्मण मूर्च्छित पडलेला! शेजारच्या काकू तर रडवेल्या झाल्या. "अहो, काहीतरी करा की," आई म्हणाली. आबांनी पान्हा घेतला, फियाटचं बॉनेट उघडलं, बॅटरी काढून सोप्यात आणली. लाल वायर कुठली, काळी कुठली, हे तीनदा तपासलं. पडदा उजळला तेव्हा हनुमान उड्डाणाच्या तयारीत होता. पर्वत आला, लक्ष्मण उठला, काकूंनी डोळे पुसले.

आम्हाला अकराला जयसिंगपूरला लग्नाला पोचायचं होतं. आबांनी बॅटरी परत बसवली, सेल्फ मारला. नुसतं टक. पुन्हा टक. मग तालमीतली पोरं आली, अंगाला अजून तांबडी माती. "आबा, सेकंडला टाका आणि क्लच दाबून धरा!" मिरजकर तिकटीपर्यंत ढकलत नेली तेव्हा कुठं आबांनी क्लच सोडला, एक हिसका बसला आणि गाडी खोकत सुरू झाली. लग्नात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. मामांनी आबांकडं बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

गल्लीनं निकाल दिला: टीव्हीनं बॅटरी खाल्ली. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर मी हिशेब केला. एवढासा टीव्ही घेणार फार तर दीड-दोन अँपिअर. अर्ध्या तासात त्यानं धड बॅटरी कशी उतरेल?

मी आबांना विचारलं. ते बराच वेळ पान चघळत राहिले. मग म्हणाले, दुसऱ्याच दिवशी उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून बघितलं होतं. बॅटरी ठणठणीत होती. घाईत टर्मिनलचा नट आवळायचा राहिला होता, आणि त्यावरची पांढरी पूडही तशीच होती, म्हणून सेल्फला पुरेसा करंटच पोचला नव्हता. मिस्त्रीनं कानशीनं घासलं, नट आवळला, पैसेसुद्धा घेतले नाहीत.

"मग आईला सांगितलं नाहीत?"

"कशाला? मामाला काय सांगितलंय तिनं, ठाऊक आहे ना? रामाच्या कामाला बॅटरी गेली म्हणून."