साखळी आणि रेघ

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. विल्यम लॅम्बटनची. हैदराबादहून नागपूरला निघालेला हा म्हातारा २० जानेवारी १८२३ ला वाटेतच गेला. वीस वर्षं त्याला एकच ध्यास होता, हिंदुस्थान मोजायचा.

सुरुवात मद्रासजवळ, १० एप्रिल १८०२ ला. हाताशी शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हानं पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबूची सावली, शेजारी थर्मामीटर. अशी उचलत-मांडत जेमतेम बारा किलोमीटरची आधाररेषा मोजायला कित्येक आठवडे गेले. तिच्यावरून मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळला, तेव्हा लॅम्बटन तंबूचं दार लावून स्वतःच्या हातानं तो दुरुस्त करत बसला.

इतकी काटेकोर माणसं. मग सरहद्दींचा घोळ झाला कुठे? माझ्या मते, जिथे साखळी पोचली नाही, तिथेही रेघ पोचली.

१८६५ मध्ये याच मोजणी खात्यातला मोजणीदार जॉन्सन लडाखमधून आजच्या शिनजियांगमधल्या खोतानला जाऊन आला. त्याच्या नकाशात अख्खा अक्साई चीन काश्मीरच्या महाराजांकडे. १८९९ मध्ये इंग्रजांनी चीनला दुसरीच रेघ सुचवली, त्यात अक्साई चीनचा बराचसा भाग पलीकडे. चीननं उत्तरच दिलं नाही. एक प्रदेश, दोन रेघा, आणि दोन्ही इंग्रजांच्याच.

ईशान्येकडे तिबेटलगतच्या मॅकमहोन रेषेचं आणखी वेगळं. १९१४ चा तो नकाशा एका इंचाला आठ मैलांचा. म्हणजे कागदावर मिलिमीटरभर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा किलोमीटर होते! सीमा नेमक्या कोणत्या डोंगरधारेवरून जाते, हा वाद १९६२ मध्ये थागला परिसरात सैनिकांच्या अंगावर आला.

आणि रॅडक्लिफ. वकील माणूस, हिंदुस्थानात पूर्वी कधी पाऊलही न टाकलेला. ८ जुलै १९४७ ला आला आणि पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापून मोकळा झाला. लॅम्बटनला त्या बारा किलोमीटरला याहून जास्त दिवस लागले होते.

निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. दोन्हीकडचे झेंडे मग उतरवावे लागले.